वाऱ्यावर उकळणारी वाळू
(शिक्षकांच्या विज्ञान-उजळणी वर्गात केलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर. तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला आहे, कारण त्याचे मूळ आपल्या भडभुंज्याच्या भट्टीत सापडते. भडभुंजा तापलेल्या वाळूत दाणे टाकतो आणि झाऱ्याने वाळू सतत खालीवर करतो. झारा थांबला की दाणे करपतात.

आता अशी कल्पना करा की, वाळूच्या तळाशी बारीक छिद्रांची जाळी असून तिच्यातून हवा वर सोडली आहे. हवा मंद असेल तर ती कणांमधील फटींतून निघून जाते. वेग वाढवत नेला की एका क्षणी हवेचा दाब वाळूचे सारे वजन पेलतो. कण सुटे होतात आणि वाळू द्रवासारखी डुचमळू लागते. भांडे कलते केले तरी तिचा पृष्ठभाग सपाट राहतो. यालाच प्रवाहीकृत थर म्हणतात. येथे झाऱ्याचे काम हवाच करते आणि म्हणून उष्णता सर्वत्र सारखी पसरते.

जर्मनीतील फ्रिट्झ विंकलर यांनी कोळशाच्या चुऱ्यापासून वायू तयार करण्यासाठी या तत्त्वाचा उपयोग केला. त्यांचे एकस्व १९२२ चे. १९४२ मध्ये अमेरिकेतील बॅटन रूज येथे जड तेलाचे भंजन करून पेट्रोल मिळविणारा या पद्धतीचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. मुंबईत माहुल येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांतही हीच क्रिया चालते.

पण या थरात एक खोट आहे. रटरटणारे पिठले आठवा. त्यात जसे बुडबुडे उठतात, तसेच येथेही अतिरिक्त वायूचे बुडबुडे उठतात. रासायनिक क्रिया घडते ती कणांच्या पृष्ठभागावर. बुडबुड्याच्या पोटात मात्र कण जवळजवळ नसतात. तेव्हा आतील वायूने बुडबुड्याची सीमा ओलांडून कणांपर्यंत पोचले पाहिजे. या स्थलांतरालाच वस्तुमान-संक्रमण म्हणतात. बुडबुडा जितका मोठा, तितका तो वेगाने वर जातो आणि आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभागही कमी पडतो. परिणामी पुष्कळसा वायू क्रिया न होताच निसटतो.

याची मोठी किंमत अमेरिकेत मोजावी लागली. टेक्सास राज्यातील ब्राउन्सव्हिल येथे १९५० च्या सुमारास नैसर्गिक वायूपासून पेट्रोल करण्याचा प्रचंड कारखाना उभा राहिला. लहान प्रायोगिक पात्रात जे उत्तम साधले होते, ते मोठ्या पात्रात साधले नाही. अरुंद नळीच्या भिंती बुडबुड्यांना आवर घालतात. विस्तीर्ण पात्रात त्यांना मोकळे रान मिळते. पुढे डेव्हिडसन, कुनी, लेव्हेनस्पील आदी संशोधकांनी बुडबुड्यांचे गणित मांडले. बारीक कणांचे योग्य मिश्रण आणि पात्रातील अडसर यांनी बुडबुडे लहान ठेवता येतात, हेही उमगले.

आपल्याशी याचा संबंध काय? भंडारा-गोंदियाकडील भातगिरण्यांत तुसाचे ढीग साचतात. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूसच असते. वाळूच्या अशा थरात ते जाळून वाफ व वीज मिळविता येते. जास्त राखेचा कोळसाही त्यात चालतो. तापमान ८०० ते ९०० अंश सेल्सियस राखल्याने नायट्रोजनची ऑक्साइडे कमी निर्माण होतात आणि चुनखडी घातल्यास कोळशातील गंधक राखेतच अडकते. मात्र नुसते तूस हवेवर नीट डुचमळत नाही. त्याला वाळूची सोबत लागते.

तेव्हा उद्या असा प्रकल्प आपल्या तालुक्यात आला, तर त्याच्या नमुन्यावरच भाळू नका. एवढ्याच आकाराचे संयंत्र इतरत्र चालले आहे काय, आपल्याच इंधनावर चालले आहे काय आणि राखेची व्यवस्था कोण करणार, हे तीन प्रश्न ग्रामसभेत अवश्य विचारा. शिक्षकांनीही भडभुंज्याच्या भट्टीपाशी मुलांना एकदा उभे करावे. उरलेला धडा ती वाळूच शिकवील.