बिल्ला ढोराच्या कानात, नाव कोणाचं?

(वाशिम जिल्ह्यातील बचत गटांच्या महिला दिन मेळाव्यात आमच्या एका कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलीचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



8 मार्च आपल्याकडे नेमका कामाच्या धबडग्यात येतो. कुठं हरभऱ्याचं खळं चालू आहे, कुठं गहू कापणीला आलाय. तरी तुम्ही मानोऱ्याहून, रिसोडहून, मंगरूळपीरहून आलात. तुमच्यातल्या बऱ्याच जणींना दिवस बुडायच्या आत घर गाठायचंय. बकऱ्या रानातून येतील तेव्हा पिल्लं पाजायला कोणीतरी पाहिजे, आणि ते कोणीतरी म्हणजे तुम्हीच. म्हणून मी लांबण लावत नाही.

मघाशी ओळखी झाल्या. मी एकेकीला विचारत होते, काय काम करता? पुष्कळ जणींनी सांगितलं, "काई नाई बाई, घरीच राहतो." मग मी विचारलं, घरी ढोरं-बकऱ्या कोणाकडे आहेत? जवळजवळ सगळे हात वर गेले. मला आज या दोन उत्तरांबद्दलच बोलायचं आहे.

फाल्गुन-चैत्रातला तुमचा दिवस जरा मोजून पाहू. पुस्तकात वसंत ऋतू म्हटलं की कोकिळा आणि मोहोर येतो. आपल्या बांधावर पळस फुलतो तेव्हा बाई मनात पाण्याचा हिशोब करते. मोठ्या जनावराला उन्हाळ्यात दिवसाला 50 लिटरच्या खाली भागत नाही, दुभत्या म्हशीला तर त्याहून जास्त लागतं. एक बैलजोडी, एक म्हैस आणि चार बकऱ्या धरा. 170 लिटर झालं. 15 लिटरचा हंडा धरला तर अकरा-बारा खेपा, त्याही माणसांचं पाणी वेगळं ठेवून. विहिरीनं तळ दाखवला की हेच अंतर वाढतं.

मग चारा. पूर्वी आपल्याकडे ज्वारी होती, तेव्हा कडब्याची गंजी दारात असायची. नव्वदच्या दशकापासून सोयाबीन पसरलं आणि कडबा गेला. सोयाबीनचं कुटार ढोरं नाखुशीनं खातात. तुरीचं, हरभऱ्याचं कुटार बरं, पण ते खळ्यावरून वेचून, पोत्यात दाबून, पावसापासून झाकून ठेवणार कोण? घरच्या सात-बारावरचं पीक बदललं तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं नाही. त्यातून वाढलेली वैरणीची वणवण मात्र तुमच्याच डोक्यावर आली.

आणि हेच दिवस बकऱ्या विण्याचे. दसरा-दिवाळीच्या चाऱ्यावर फळलेली बकरी पाच महिन्यांनी, म्हणजे आता विते. रात्री उठून पिल्लं पुसायची, दोन पिल्लं असली तर अशक्त पिल्लाला हातानं आचळ लावून द्यायचं, दुपारी बाभळीच्या शेंगा गोळा करायच्या. शिवाय शेण, आणि पावसाळ्यासाठी थापायच्या गोवऱ्या. पाडव्याला सालगड्याचं साल बदलतं, नवा आकडा ठरतो, कधी मालकही बदलतो. बाईचं साल कोणत्या पाडव्याला बदलतं ते मला कोणीतरी सांगा. (हशा)

आता मुद्द्यावर येते. एवढं सगळं जिनं केलं, तिच्या जनावराच्या कानात पिवळा बिल्ला आहे. त्यावर 12 आकडी नंबर आहे. त्या नंबरावर सरकारी नोंदीत मालकाचं नाव आणि मोबाइल नंबर लागलेला आहे. 2024 पासून आपल्या राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची बाजारात खरेदी-विक्री करू नये असा नियम आला. म्हणजे जमिनीला जसा सात-बारा, तसा ढोराला हा बिल्ला होत चाललाय. त्यामागे नाव कोणाचं आहे? हात वर करा, किती जणींचं स्वतःचं आहे? ... बघा, एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

काही जणी म्हणतील, नावानं काय होतं, घर तर एकच आहे. 2022 आठवा. त्या वर्षी लम्पी आला. गाईच्या अंगावर गाठी, पाय सुजलेले, चारा सुटलेला. बायांनी कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं जखमा धुतल्या, माश्या हाकलत रात्री काढल्या. ज्यांची जनावरं गेली त्यांना सरकारनं मदत दिली, दुभत्या गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार. ती मालक म्हणून नोंद असलेल्याच्या खात्यात गेली. काही घरांत तो पैसा नव्या गाईत गेला, काही घरांत कुठं गेला ते तुम्ही मला सांगता आणि मी इथं बोलत नाही.

शेतकरी संघटनेनं बायकोच्या नावे जमीन करून देण्याची 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम सुरू केली, तेव्हा निदान जमिनीवर चर्चा तरी झाली. जनावराबद्दल तेवढीही झालेली नाही. वास्तविक हे सोपं आहे. यात वाटण्या नाहीत, तलाठी नाही, भाऊबंद नाहीत. जनावर विकलं की मालक बदलल्याची नोंद होतेच ना? मग नवऱ्याकडून बायकोच्या नावे का नको? निदान नवीन घेतलेली बकरी आणि तिची पुढची पिल्लं तरी पहिल्यापासून तुमच्या नावे लागू द्या. गटाच्या कर्जातून घेतलेली बकरी घरधन्याच्या नावे लागते, हप्ता बाई फेडते आणि बोकड बाजारात कधी न्यायचा हे तिसराच कोणी ठरवतो. हे बंद करता येईल.

सरकार जनावर देतं तेव्हाही तिला विचारत नाही, याचा मोठा धडा आपल्याच जिल्ह्यानं पाहिलाय. 2006 मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज आलं, विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी. त्यात वाशिम होता. त्या पॅकेजमध्ये शेतकऱ्यांना अनुदानावर गाई दिल्या गेल्या. ज्या घरात माणसांना पुरेसं नाही, तिथं भरपूर खाणारी, उन्हानं धापा टाकणारी संकरित गाय येऊन उभी राहिली. गाईला खाऊ घालायचं की लेकरांना, हा प्रश्न नवरा गमावलेल्या बायांपुढे आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा या गाईंवर लिहिलं आहे. एखाद्या बाईला आधी विचारलं असतं, तर तिनं दोन बकऱ्या मागितल्या असत्या. आपली वऱ्हाडी बकरी उन्हाला टिकते, बाभळीच्या पाल्यावर जगते आणि अडीनडीला विकता येते. भाकड गाय किंवा थकलेला बैल 2015 च्या कायद्यानंतर विकणंही मुश्किल झालंय. त्याला दारात बांधून कुटार घालत बसतं कोण, ते वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट आरोग्याची, कारण ती दवाखान्यात कोणी विचारत नाही. गाय किंवा बकरी गाभडली, तर वार आणि मेलेलं पिल्लू उघड्या हातानं उचलू नका. ब्रुसेल्लोसिस नावाचा रोग असतो. तो जनावराला गाभडवतो आणि माणसालाही होतो. ताप येतो-जातो, रात्री घाम फुटतो, कंबर आणि सांधे दुखतात, महिनोन् महिने. बाई म्हणते कामाचा शीण आहे, गोळी घेते आणि पुन्हा गोठ्यात जाते. हातात प्लास्टिकची पिशवी तरी चढवा, वार चुना टाकून खोल पुरा, दूध उकळूनच प्या. गरोदर लेकी-सुनांना या कामापासून लांब ठेवा. असा ताप असेल तर डॉक्टरला स्वतः सांगा, आमच्याकडे जनावर गाभडलं होतं म्हणून. गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-वगारींना याची लस सरकारी कार्यक्रमात आहे, ती मागून घ्या.

आता मघाचं ते उत्तर, "काई नाई, घरीच राहतो." 1991 च्या जनगणनेच्या वेळी स्त्री-संघटना आणि अभ्यासक बाया भांडल्या, म्हणून घरच्या शेतीत, धंद्यात बिनमजुरीनं केलेलं काम धरायचं हे प्रश्नातच लिहिलं गेलं. 2001 पासून घरच्या वापरापुरतं दूध काढणं हेही काम ठरलं. 2011 ला वर्षातून सहा महिने किंवा जास्त काम करणारी व्यक्ती 'मुख्य काम करणारी' म्हणून मोजली. ढोराला सुट्टी नसते, तुमचं काम तीनशे पासष्ट दिवसांचं आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या पशुगणनेत पहिल्यांदाच विचारलं गेलं की जनावराचं काम मुख्यतः बाई करते की पुरुष. तुमच्या घरी त्याचं उत्तर कोणी दिलं? तुम्ही तेव्हा पाण्याला गेला होता का?

सरकारनं पुढच्या जनगणनेची तारीख 1 मार्च 2027 जाहीर केली आहे, मोजणी त्याआधी फेब्रुवारीत. म्हणजे पुन्हा हेच दिवस, हरभऱ्याचे आणि विणाऱ्या बकऱ्यांचे. मोजणारे बहुधा घरातल्या पुरुषालाच विचारतील. तुम्ही पुढे या आणि सांगा, मी ढोरं सांभाळते, दूध काढते, शेतात राबते, बारा महिने. आणि मोजणाऱ्यानं काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा. वाचता येणारी पोर घरात असेल तर तिला शेजारी उभी करा.

चहा आलाय, तेव्हा थांबते. ज्यांनी बिल्ल्याचे नंबर कागदावर लिहून आणलेत त्यांनी खिडकीजवळ बसावं. तिथं पशुसखी ताई आहेत, त्या नंबर कोणाच्या नावे आहे ते पाहून सांगतील. ज्यांनी आणले नाहीत त्यांनी आज घरी गेल्यावर गाईचा कान धरावा. मानोऱ्याकडच्या बायांचं आधी करा, त्यांची गाडी साडेतीनची आहे.