शाळेचे दार आतून बंद होते तेव्हा
(पालक सभेत केलेले भाषण)



10 जुलै 2024 रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास आपल्याकडे जमीन हादरली. केंद्र हिंगोली जिल्ह्यात होते, तीव्रता 4.5. त्याच वर्षी 21 मार्चलाही सकाळी सहानंतर धक्के बसले होते. आपण मोठी माणसे चार दिवसांत विसरलो. मुले विसरली नाहीत. चुडाव्याला रेल्वे काही नवी नाही. पण त्यानंतर कित्येक दिवस मालगाडी जाताना तावदाने थरथरली की पहिलीतली मुले मान वर करून आधी मास्तरांच्या तोंडाकडे पाहत. मास्तर फळ्यावर लिहीत राहिले, की तीही पाटीकडे वळत.

आता दुसरा प्रसंग घ्या. बाहेर गडबड आहे, किंवा पिसाळलेला कुत्रा आवारात शिरला आहे, आणि शाळेचे दार आतून लावून मुलांना वर्गातच बसवायचे आहे. यालाही लॉकडाऊनच म्हणतात. 2020 सालचा तो वेगळा. अमेरिकेत 1999 साली कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला, तेव्हापासून तिकडे याचा सराव फार वाढला. काही ठिकाणी तर खोट्या बंदुकीचे आवाज काढून सराव होऊ लागला! शेवटी तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेला 2020 मध्ये सांगावे लागले, की मुलांना खरेच वाटेल असे नाटक करू नका. आपल्याकडे गोष्ट इतक्या थराला गेलेली नाही. पण डिसेंबर 2024 मध्ये परभणी शहरात जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. ते का घडले हा आजचा विषय नव्हे. अशा दिवशी सहा वर्षांच्या मुलाला काय वाटत असेल, एवढेच पाहावयाचे आहे.

"घाबरू नको" म्हटल्याने मूल घाबरायचे थांबत नाही. त्याला दोन गोष्टी हव्या असतात : मी कुठे बसू, आणि मला न्यायला कोण येणार? बाईंनी हळू आवाजात सांगावे, "बाहेर गोंधळ आहे, म्हणून दार लावले आहे. तो संपला की उघडू." खोटे सांगू नये, आणि सगळेही सांगू नये. मग हाताला काम द्यावे. हजेरी घ्यावी, पाढे हळूच म्हणवून घ्यावेत, शेजारच्याचा हात धरायला सांगावे. सराव आधी सांगूनच घ्यावा. भूकंपाची घंटा वेगळी व दार लावण्याची वेगळी असावी; कारण एकात हादरा थांबताच मैदानात जायचे असते, दुसऱ्यात आत राहायचे असते, आणि लहान मुले नेमका यातच घोटाळा करतात.

आता पालकांना थोडे कडू बोलतो. जेवत नाही, "पोलीस धरून नेईल." झोपत नाही, "डॉक्टर सुई टोचेल." आपल्या घराघरांतून अम्मी, दादी हेच सांगतात, आणि अब्बा हसून साथ देतात. मग खरोखरीच्या संकटात तोच पोलीस मदतीला दार ठोठावतो, तेव्हा मूल बाकाखाली दडून आवाजच देत नाही. ज्याच्याकडे धावायचे, त्याचेच भय आपण वरणभाताबरोबर भरवले आहे.

दुसरे असे, की खबर लागताच सारे जण फाटकाशी धावतात व ओरडतात. आत बसलेल्या मुलाला तो आवाज आईचा की दंगेखोराचा, हे कळत नाही.

बहुतेक मुले काही दिवसांत पूर्ववत होतात. महिनाभरानंतरही मूल झोपेत दचकत असेल, अंथरूण ओले करत असेल, शाळेचे नाव काढताच रडत असेल, तर त्याला रागावू नका. डॉक्टरांना दाखवा, किंवा 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर बोला; पैसे पडत नाहीत.

आज घरी गेल्यावर एक करा. अब्बा पूर्णेला किंवा नांदेडला कामावर असतील, तर त्या दिवशी न्यायला चाचा येणार की नाना, ते मुलाला सांगून ठेवा, आणि ते नाव उद्या वर्गशिक्षकांच्या वहीत लिहून द्या.