जमीन विकू नका, माहिती विका

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मागच्या बैठकीनंतर एका कास्तकाराने मला बाजूला घेतले. नऊ एकर कोरडवाहू, कापूस आणि ज्वारी. पोरगा बी. ए. होऊन कल्याणला गेला. आठ वर्षे दुसऱ्याची टॅक्सी चालवतो, डोंबिवलीत दहा बाय बाराच्या खोलीत राहतो. विमानतळावरून परदेशी पाहुणे आणता-नेता इंग्रजी बोलायला शिकला. आता तो म्हणतो, "बाबा, दोन एकर काढा. ठाण्यात गाळा घेतो. परदेशी पाहुण्यांना त्यांच्या मनासारखी सहल आखून द्यायचा धंदा टाकतो." बापाने मला विचारले, "काय करू? काढू का दोन एकर?"

त्या वेळी मी उत्तर दिले नाही. आज सगळ्यांसमोर देतो, कारण असा एखादा पोरगा तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात आहे. परभणीहून पाथरी, माजलगाव, पाथर्डी, माळशेज करत जाणारा महामार्ग कल्याणलाच उतरतो. आपली पोरे त्या रस्त्याने गेली, ती काही हौसेने गेली नाहीत.

आधी हा धंदा काय आहे ते समजून घेऊ. सहलीचा धंदा मराठी माणसाला नवा नाही. केसरी पाटील हे मथाणे गावचे, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले. आधी शाळेत शिक्षक होते. १९८४ साली त्यांनी केसरी टूर्स काढली आणि हजारो मराठी माणसांना जग दाखवले. पण तो धंदा बसभर माणसे एकत्र नेण्याचा. हा पोरगा म्हणतो ते वेगळे आहे. इथे गिऱ्हाईक परदेशातून येणार, एकटे किंवा कुटुंबासह, आणि प्रत्येकाला त्याच्या मापाचा आराखडा पाहिजे. तयार कपड्याचे दुकान आणि शिंपी यात जो फरक, तोच इथे आहे.

मग हा शिंपी विकतो काय? साधे उदाहरण घ्या. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. अजिंठा सोमवारी बंद. घारापुरीही सोमवारी बंद. परदेशी माणूस रविवारी रात्री उतरला, सोमवारी घारापुरीला जायला निघाला, मंगळवारी वेरूळच्या दारात उभा राहिला. दोन दिवस फुकट गेले, आणि सात समुद्र ओलांडून येणाऱ्याला ते दोन दिवस फार महाग पडतात. ही चूक टाळून देणे हाच माल आहे. आमच्या पोराकडे तो माल आहे, त्याला गाळा लागत नाही.

दुसरे उदाहरण. आपल्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, बेने इस्रायली लोक पिढ्यान्पिढ्या तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. १९४८ नंतर त्यांच्यातले पुष्कळ इस्रायलला गेले. ठाण्यात त्यांचे १८७९ सालचे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. समजा, तिकडच्या एखाद्या नातवाला आजोबाचे गाव पाहायचे आहे. त्याला ताजमहालाची चित्रे दाखवून काय उपयोग? त्याला ठाण्याचे प्रार्थनामंदिर पाहिजे, अलिबागकडचे गाव पाहिजे, तिथल्या म्हाताऱ्यांशी मराठीत बोलणारा माणूस पाहिजे. तो धर्म पाळणारा असेल तर शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत गाडीत बसणार नाही, हे आधी माहीत पाहिजे. त्याचे खाण्याचे नियम विचारून घेतले पाहिजेत. दिल्लीतल्या मोठ्या कंपनीला जे जमणार नाही, ते डोंबिवलीच्या खोलीतून जमते.

ठाणे-कल्याणच्या आजूबाजूला दाखवण्यासारखे काय आहे, असे कुणी विचारील. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच आली. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे आहे. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, त्यांच्यासाठी २०१५ साली अभयारण्य झाले. माळशेज चढून गेले की जुन्नर आणि शिवनेरी. हा किल्ला २०२५ साली मराठ्यांच्या इतर किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला. पक्षी पाहणाऱ्याला खाडी, इतिहासवाल्याला किल्ला. ज्याला जे पाहिजे ते.

आता हिशेब. पाच दिवसांची एक सहल समजा. हे आकडे केवळ रीत समजावी म्हणून मांडतो.

गाडी आणि चालक, पाच दिवस: २२,५०० रुपये.
मुक्काम, चार रात्री: १६,००० रुपये.
गाईड, दोन दिवस: ६,००० रुपये.
तिकिटे आणि होडी: २,५०० रुपये.

झाले ४७,००० रुपये. त्यात पोराची तीन दिवसांची पत्रे, फोन, धावपळ यांची मजुरी ६,००० घाला. गाडी बिघडली, पाहुणा आजारी पडला, तर लागेल म्हणून जोखमीचे ५,००० घाला. किंमत झाली ५८,००० रुपये. ती पाहुण्याला आधी सांगायची, आगाऊ रक्कम बँकेतून घ्यायची, आणि मग गाडीला चावी लावायची.

हा हिशेब ओळखीचा वाटला ना? बियाणे, खत, मजुरी, जोखीम. कापसाचा हिशेब आपण असाच मांडतो. फरक एवढाच, की कापसाचा खर्च आपण मांडतो आणि भाव दुसरा सांगतो. इथे भाव आपला पोरगा सांगणार आहे. म्हणून मी या धंद्याकडे आशेने पाहतो.

पण एक धोका आहे. पाहुण्याला गालिच्याच्या नाहीतर दागिन्यांच्या दुकानात नेले, की दुकानदार गाडीवाल्याच्या हातावर कमिशन ठेवतो. ते कमिशन पाहुण्याच्याच बिलात चढलेले असते. म्हणजे मजुरी पाहुण्याकडून आणि वर गुपचूप दुकानदाराकडून. याला आपण बाजार समितीत काय म्हणतो? दोन्हीकडून अडत! ज्या अडतीने बापाला नागवले तीच पोराने दुसऱ्याकडून खावी काय? त्याने मेहनताना उघड सांगावा आणि तेवढाच घ्यावा. धर्म म्हणून सांगत नाही, धंदा म्हणून सांगतो. जो फसला नाही तो आपल्या गावी जाऊन चार जणांना सांगतो. जाहिरातीला पैसा नसलेल्या माणसाची जाहिरात तीच.

कायदाही पाहून ठेवा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने फिरवता येत नाही. परदेशी पाहुणा घरी किंवा लॉजवर उतरवला, तर ठेवून घेणाऱ्याने २४ तासांच्या आत सरकारी नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते. सहल रद्द झाली तर किती पैसे परत, हे आधीच लिहून द्यावे.

आणि हा धंदाही कोरडवाहूच आहे, हे विसरू नका. मार्च २०२० मध्ये कोरोनाने परदेशी पाहुण्यांची वाट बंद झाली. पर्यटकांचे व्हिसे पुन्हा सुरू व्हायला २०२१ सालचा शेवट उजाडला. दीड वर्षाहून जास्त काळ थेंब पडला नाही. ज्यांनी कर्ज काढून ऑफिसे आणि गाड्या घेतल्या होत्या त्यांचे व्याज काही थांबले नाही.

दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण हे बंदर होते. त्या काळच्या एका ग्रीक दर्यावर्दीने लिहून ठेवले आहे, की आधीच्या राजाच्या वेळी कल्याणची पेठ खुली होती, पुढे सत्ता बदलली, आणि चुकून तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. त्याच भडोचला आपल्या तेरचे कापड गाड्यांनी जाई. माल होता, गिऱ्हाईक दारात होते, मधे सत्ता उभी राहिली. आज परदेशी गिऱ्हाइकाला कल्याणला यायला कुणी अडवत नाही. २०१४ पासून पुष्कळ देशांच्या लोकांना घरबसल्या व्हिसा मागता येतो. पत्र लिहायला पोराच्या खिशात फोन आहे. मग गाळा कशाला?

तेव्हा त्या बापाला माझे उत्तर असे. दोन एकर काढू नका. पोराला सांगा, टॅक्सी चालू ठेव. पहिल्या वर्षी आपल्या गाडीत बसलेल्या पाहुण्यांतूनच पाच कुटुंबे धर आणि त्यांच्या सहली नीट पार पाड. प्रत्येकीचा जमाखर्च वहीत लिही. वर्षअखेर ती वही घेऊन घरी ये. वहीत शिल्लक दिसली तर त्याच शिल्लकेतून दुसरे वर्ष कर. शिल्लक दिसली नाही तर टॅक्सी आहेच, आणि नऊच्या नऊ एकर जागच्या जागी आहेत.

पाच पाहुण्यांत ज्याचे जमले नाही, त्याचे ठाण्यातल्या गाळ्यातही जमणार नाही. आणि गेलेली जमीन, भावांनो, टॅक्सीच्या भाड्यातून परत येत नाही.