काम लिहून द्या



आपल्या तुकडीतून जे वकील झाले त्यांनी जरा हात वर करा. सात! शिवाय एक न्यायाधीश आहेत, ते हात वर करणार नाहीत. माझं आजचं बोलणं मुख्यतः या आठ जणांशी आहे. बाकीच्यांनी आपापल्या ऑफिसपुरतं ऐकावं.

‘तारे जमीं पर’ २००७ साली आला. त्यातला आठ-नऊ वर्षांचा ईशान आज पंचविशी ओलांडलेला असता. आपण सगळे त्याच्यासाठी रडलो. पण तो सनद घेऊन तुमच्या चेंबरमध्ये ज्युनियर म्हणून आला, तर पुढे काय?

मी गेली नऊ वर्षं वकिलांच्या ऑफिससाठी सॉफ्टवेअर बनवते. तारखांची डायरी, कागदपत्रांचा शोध वगैरे. त्यासाठी तिथे तासन् तास बसून कोण कसं काम करतं ते बघावं लागतं. तिथे मला असे ज्युनियर भेटले. कुणाला डिस्लेक्सिया, कुणाला एडीएचडी, एका मुलीला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. यांना हल्ली न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. मेंदूची घडण वेगळी, एवढाच अर्थ. बहुतेकांनी सीनियरला काही सांगितलेलं नव्हतं. मला सांगितलं, कारण मी बाहेरची.

कायदा नाही असं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. (एडीएचडीचं नाव त्या यादीत नाही.) हाताने लिहायला त्रास होणाऱ्या विकास कुमार यांना ४० टक्के अपंगत्व नाही म्हणून यूपीएससीच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला, तेव्हा २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. पण चेंबरमधल्या ज्युनियरला नेमणूकपत्र नसतं, एचआर नसतो. सगळं सीनियरच्या मर्जीवर. पक्षकाराच्या हक्कांसाठी रात्रभर युक्तिवाद लिहिणारी मुलगी स्वतःसाठी कोपऱ्यातलं शांत टेबल मागायला घाबरते.

आणि लागतं तरी काय? त्या मुलीचे सीनियर कोर्टाच्या जिन्यात चालता चालता सांगायचे, “त्या मॅटरचं जरा बघून घे.” कुठलं मॅटर, बघायचं म्हणजे काय करायचं, कधीपर्यंत? इतर ज्युनियर अंदाज बांधत. तिला अंदाज बांधता येत नसे, ती विचारत राही, आणि सीनियर वैतागत. मग त्यांनी प्रत्येक कामाचा एक वेगळा मेसेज पाठवायला सुरुवात केली: केस, काम, तारीख. प्रश्न थांबले. गंमत म्हणजे अंदाज बांधणाऱ्या इतरांच्या चुकाही कमी झाल्या.

डिस्लेक्सिया असलेला मुलगा फाइल मोबाइलवर ऐकतो. पण नुसतं स्कॅन केलेलं पान म्हणजे कागदाचा फोटो. त्यातली अक्षरं आधी ओळखून घ्यावी लागतात, तरच मोबाइल ती वाचतो. आमच्या दृष्टीने हे एका बटणाचं काम. जुन्या हस्ताक्षरातल्या खरेदीखतांपुढे मात्र आमचं सॉफ्टवेअरही हात टेकतं. तिथे कुणीतरी मोठ्याने वाचून रेकॉर्ड करून देतं.

एडीएचडीवाल्याचं दुखणं वेळेचं. व्यापारी दाव्यात समन्स बजावल्यापासून १२० दिवसांनंतर कैफियत घेतलीच जात नाही. १२० दिवस लांब आहेत तोवर ते त्याच्यासाठी जवळजवळ नसतातच. म्हणून आम्ही डायरीत मधल्या तारखा घातल्या: कागद गोळा, कच्चा मसुदा, सीनियरचं वाचन. प्रत्येक तारखेला दुसरा माणूस विचारतो, “झालं का?” रागावून नाही, रोजच्या चहासारखं.

असे लोक काहीतरी अलौकिक बुद्धीचे असतात, ही कल्पना मला पटत नाही. काही हुशार असतात, काही आपल्यासारखे. सोयी मिळायला अलौकिक असावं लागू नये.

तर वकील मंडळींनो, सोमवारी ऑफिसला गेलात की कुणालाही “तुला काही आहे का?” असं विचारू नका. सगळ्याच ज्युनियरना विचारा, “काम लिहून दिलेलं बरं पडतं की सांगितलेलं?”

न्यायाधीशसाहेब, तुमच्यासाठी वेगळी विनंती आहे. एखादी नवी वकील तुमच्या नजरेला नजर न देता, टेबलाकडे बघत युक्तिवाद करत असेल, तर तिची तयारी नाही असं समजू नका. तिचं शेवटपर्यंत ऐका.