कोयत्याचा मालक कोण?

कामगार आणि मालक यांनी आपसांत ठरवावे, सरकारने मध्ये पडू नये, हा उपदेश आज मोठमोठ्या व्यासपीठांवरून केला जातो. कामगारांच्या लेखकांनी भरवलेल्या या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मी तो साफ नाकारतो. आपसांत ठरवायचे तर दोन्ही बाजूंना ‘नाही’ म्हणण्याची ऐपत लागते. ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याने मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत ‘नाही’ कोणाच्या जोरावर म्हणायचे? नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे बाईच्या घामाचा वेगळा हिशेबच नाही. एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे दंड. तो टाळायची किंमत बाई शरीराने मोजते. २०१९ साली बीड जिल्ह्यात सरकारी पाहणी झाली, तेव्हा ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. दवाखान्यांची लूट त्यात आहेच; पण आजारपणाची रजा आणि फडात आडोसा मिळाला असता, तर किती जणींवर ही पाळी आली असती? अशा व्यवहाराला राजीखुशीचा करार म्हणणाऱ्यांनी एक हंगाम पाचटाच्या कोपीत काढावा.

‘ऊसतोड कामगारांचा एक मालक नाही, म्हणून कायदा लावता येत नाही,’ असे सांगितले जाते. हे उत्तर महाराष्ट्राने १९६९ मध्येच खोडून काढले आहे. मुंबईच्या दाणाबंदरात पाठीवर पोती वाहणारा हमाल दिवसात दहा पेढ्यांचे काम करी आणि मालक मात्र एकही नसे. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली हमाल लढले आणि माथाडी कायदा आला. कामगाराची नोंद या कायद्याने नेमलेल्या मंडळात, मालकाचीही नोंद त्याच मंडळात. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपदानाची सोय व्हायची. मालक सापडत नव्हता, तर कायद्याने जबाबदारीच मालकासारखी उभी केली. मग साखर कारखान्याच्या गव्हाणीत पडणाऱ्या उसाला मालक आहे आणि तो तोडणाऱ्या हाताला नाही, हे आपण का ऐकून घ्यायचे?

माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्या आहेत, हा आक्षेप खरा आहे. त्यांना तुरुंगात घाला. त्यांच्यामुळे खऱ्या माथाडीची लेव्ही का बुडावी? तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या बिलातूनच कापला जातो, म्हणून बोजा शेतकऱ्यावर पडेल, हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. म्हणूनच लेव्ही कारखान्याने भरावी आणि ती बिलातून कापण्यास कायद्यानेच बंदी असावी. राहिली उद्योग बुडण्याची भीती. ती फार जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या साडेपाच हजार सह्या घेऊन रविवारच्या सुट्टीसाठी अर्ज केला; १८९० मध्ये मालकांनी ती मान्य केली, १८९१ मध्ये आठवड्याची सुट्टी कायद्यात आली, आणि मुंबईच्या गिरण्या त्यानंतरही वाढतच गेल्या. त्या कायद्यामागे इथल्या गिरण्यांची स्पर्धा नको असलेल्या, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थ होता, हे कबूल. पण सुट्टी मिळाली ती इथल्या कामगाराला. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ नेमले, हे उत्तर मला पुरत नाही. महामंडळ मदत वाटते. मजुरी, रजा आणि अपघाताची भरपाई कोणी द्यायची, हे ते ठरवत नाही. म्हणून या संमेलनाच्या ठरावात मी तीन गोष्टी घालायला सांगत आहे: माथाडीच्या धर्तीवर ऊसतोडीचे वैधानिक मंडळ, कोयत्यातल्या बाईची स्वतंत्र नोंद आणि तिची मजुरी तिच्याच खात्यात, आणि नोंद नसलेल्या टोळीने तोडलेला ऊस घेणाऱ्या कारखान्याचा गाळप परवाना रद्द.