पोटामागे फिरणारा माणूस आणि रोग
(ऊसतोडीस निघणाऱ्या मंडळींपुढे केलेले भाषण)



दसरा झाला की आपल्यातील कित्येक घरांना कुलूप लागते. कोयता, चार भांडी आणि लेकरे घेऊन टोळी कारखान्याची वाट धरते. ती परतल्यावर गावात कोणास ताप-खोकला झाला की ओट्यावरून बोल येतो, ‘रोग यांनीच आणला!’ हा बोल कितपत खरा, हे आज आम्ही पाहणार आहोत.

१८९६ सालच्या मुंबईचे उदाहरण घ्या. सप्टेंबरात मांडवीत प्लेग उघडकीस आला. १८९४ साली तो हाँगकाँगात होता; तेथून जहाजांतून आला असे मानतात. मांडवी म्हणजे बंदराजवळची धान्याच्या वखारींची जागा. तेथे उंदीर माजलेले, आणि शेजारीच कष्टकऱ्यांच्या अंधाऱ्या खोल्या. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू माणसाकडे वळते व तिच्या चाव्याने प्लेग होतो. हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखविले. तोवर भयाने जवळजवळ निम्मी मुंबई गावोगाव पळाली होती. गाठोडी गेली, पोती गेली, त्यांबरोबर रोगही गेला. तेव्हा माणसाबरोबर रोग फिरतो, हे आम्ही नाकारीत नाही.

पण गिरणीकामगार गावाहून निघाला तेव्हा त्याच्या गाठोड्यात भाकरी होती, प्लेग नव्हता. रोग त्याला दाटीच्या खोलीने दिला. सरकारने १८९७ साली साथीचा कायदा केला. घरे झडली, माणसे उचलून नेली. लोक रोगी लपवू लागले. धाकाने रोग दडतो, हटत नाही. त्याच साली प्लेगच्या रोग्यांसाठी झटताना नारायण मेघाजी लोखंडे गेले, आणि १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांनी रोग्याकडे पाठ फिरविली नाही.

आता दुसरी बाजू पाहा. पोलिओ हटविताना फिरत्या माणसालाही हिशेबात धरले. वीटभट्टीवर, बांधकामावर, रेल्वे स्टेशनवर जाऊन लेकरांना डोस पाजले. देशातील शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला. २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. म्हणजे दोष फिरण्याचा नाही. फिरणाऱ्याला दवाखान्याच्या वहीतून वगळण्याचा आहे.

म्हणून निघण्यापूर्वी एवढे करा. लेकराच्या लशीचे कार्ड भाकरीसारखे जपून बांधून घ्या. उरलेली लस फडाजवळच्या दवाखान्यात टोचून घ्या. क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांस सांगूनच निघा. सरकारी नोंदीचा नंबर देशभर चालतो व गोळ्या फुकट मिळतात. साध्या क्षयाला बहुधा सहा महिने औषध लागते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडाल तर रोग औषधाला दाद देईनासा होतो, आणि कोपीतल्या लेकरांना तोच लागतो.

उचल घेताना मुकादमाशी पैशाची बोली करता. तशीच स्वच्छ पाण्याची व संडासाची बोली करा. एकट्याने केली तर तो हसेल, साऱ्या टोळीने केली तर ऐकेल.

आणि गावात राहणाऱ्यांनो, २०२० साली शहरातून चालत आलेल्या आपल्याच माणसांना कित्येक गावांनी वेशीवर अडविले. काही दिवस वेगळे ठेवणे शहाणपणाचे होते. अपमान करणे नव्हे. परतणाऱ्याची तपासणी करा, पण त्याला पाणी देऊन करा. तो आपलाच आहे.