काळी, पांढरी आणि पांढरपेशा



आज एका कादंबरीतल्या रंगांविषयी बोलायचं आहे. कादंबरी आपल्याच बुलडाणा जिल्ह्यातली. चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’. ती २००२ साली आली आणि २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. शेतकऱ्याच्या घरात जन्मून भरपूर शिकलेला, पण नोकरी न मिळालेला एकनाथ हा तिचा नायक. तिच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला मात्र ती उलगडली एका शब्दामुळे. तो शब्द म्हणजे ‘पांढरपेशा’.

माणसाची पायरी रंगाने सांगायची आपल्या भाषेची रीत जुनी आहे. गावाचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकणारी जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, जिथल्या पांढऱ्या मातीने भिंती आणि धाबी लिंपायची. एकच कुणबी दिवसा काळीत आणि रात्री पांढरीत असे. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांना मात्र या पांढरीतही जागा नव्हती, हे विसरून चालणार नाही.

तिसरा शब्द पांढरपेशा. ज्याच्या हाताला माती लागत नाही तो. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात हा शब्द आहे, म्हणजे इंग्रजीत ‘व्हाइट कॉलर’ रुळण्याच्या कितीतरी आधीचा. जुन्या कोकणात पांढरपेशांना शेतसाराही कमी दराने पडे. यातला ‘पेशा’ फारसी. म्हणजे शब्दाचा अर्धा भाग आमच्या घरात रोज बोलला जाणारा. पण पूर्ण शब्द आमच्या घराला कधी लागू झाला नाही.

माझे अब्बा पिंजारी. दिवाळी सरली की खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचे. ‘चाचा, यंदा गादी भरायची हाये,’ अशी हाक आली की त्या ओसरीवर दिवसभर तातीचा तुंग-तुंग आवाज. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या, मिश्या पांढऱ्या, पापण्यांवरसुद्धा कापूस. एवढा पांढरा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण पांढरपेशा ते नव्हते.

आता ‘बारोमास’कडे येऊ. लेखकाने रंगांची काही योजना आखली आहे असा माझा दावा नाही. हे रंग आपल्या बोलीतच आहेत आणि वाचताना ते आपोआप दिसतात. एकनाथ काळीत जन्मला. शिक्षणाने त्याला पांढऱ्याची ओढ लावली. पण नोकरीसाठी पैसे मोजावे लागतात आणि ते काळीतून निघत नाहीत. नोकरदार नवऱ्याचं स्वप्न पाहिलेली त्याची बायको अलका माहेरी निघून जाते. धाकटा भाऊ मधू गुप्तधनाच्या, म्हणजे पिवळ्याच्या नादी लागतो. एकाच घरात तीन रंग: बापाची काळी, थोरल्याचा न मिळालेला पांढरा, धाकट्याचा भ्रमातला पिवळा. घर दुभंगतं ते या तिघांच्या मधोमध.

कापसाला आपण पांढरं सोनं म्हणतो. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो या सोन्यासाठीच. पण पिकवणाऱ्याच्या हाती त्यातलं सोनं किती आलं? २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं. त्यात बुलडाणा होता. ‘बारोमास’ त्याच्या चार वर्षं आधीची. दिल्लीला जे तेव्हा दिसलं, ते अमडापूरला आधीच दिसत होतं.

हे सगळं मी एवढ्या जिव्हाळ्याने का सांगतो आहे? बी.ए. झाल्यावर मी एका संस्थेत मुलाखतीला निघालो. अब्बांनी उसनवारी करून मला पांढरा टेरिकॉटचा शर्ट शिवून दिला होता. निघताना ते दारातच भेटले, कामावरून परतत होते. ‘जा बेटा,’ म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. शर्टाला कापूस चिकटला. मी तो झटकला. त्यांच्या समोरच झटकला. ते काही बोलले नाहीत. नुसता हात मागे घेतला.

नोकरी मिळाली नाही. मुलाखतीत माझ्या विषयातलं एकच विचारलं, बाकी सगळी चर्चा रकमेची. आमच्याकडे तर विकायला काळीसुद्धा नव्हती. पुढे एका अडत्याकडे मी कापसाचे हिशेब लिहू लागलो. अंगात पांढरा शर्ट असायचा. गाड्या रिकाम्या होताना त्यावर कापूस उडायचा आणि आता तो झटकायला हात उचलत नसे. अब्बा तोवर गेले होते.

काही वर्षांनी ‘बारोमास’ हाती आली. एकनाथची चीड वाचली, आणि मला तो शर्ट आठवला. नोकरीच्या बाजाराने मला फसवलं, ते खरं. पण ती झटकणारी बोटं माझीच होती. ती मला बाजाराच्या नावावर टाकता येत नाहीत. पांढरपेशा व्हायचं तर आधी बापाच्या अंगावरचा रंग नकोसा व्हावा लागतो, ही या शब्दाची खरी किंमत. एकनाथला ती कळते आणि तरी त्याला काळी सोडवत नाही, धरवतही नाही. म्हणून तो मला नायकापेक्षा भाऊ वाटतो.

श्रोतेहो, आपल्या मुलांना शिकवा, जरूर शिकवा. त्यांच्या अंगावर पांढरा शर्टही येऊ द्या. फक्त तो कापूस कुठल्या मातीत उगवला आणि कुणी पिंजला, एवढं त्यांच्या कानावर घाला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)